चार बोटं साल

झाडाची साल हातानं सोललेली बरी की यंत्रानं, असं मला अजून कोणी ना कोणी विचारतं. लाकडाच्या वखारीत उभा जन्म काढलेला म्हातारा, याच्याकडे उत्तर असणारच, असा त्यांचा समज. मी आता उत्तर देत नाही. एकदा दिलं होतं, जाड विलायती कागदावर, वळणदार अक्षरात, सही-तारखेसकट. त्याचं काय झालं ते सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

गोष्ट १८९३ सालच्या हिवाळ्यातली. कल्याणच्या बंदरावर, दुर्गाडीच्या अलीकडे, खाडीला लागून आमच्या शेठांची वखार होती. मी तिथला मुनशी, म्हणजे आल्या-गेल्या लाकडाचं पुस्तक लिहिणारा. माझ्या आधी तेच पुस्तक माझे वडील लिहीत. मुरबाडच्या जंगलातला साग आणि ऐन बैलगाड्यांनी यायचा, थोडा खडवलीहून आगगाडीनं. आलेला सोट, म्हणजे अख्खा ओंडका, सालीसकट पडू दिला तर सालीखाली ओल राहते, किडा लागतो आणि वर्षभरात लाकडाचा भुसा होतो. म्हणून आधी साल काढायची, बाकी सगळं मागून.

हे काम ठाण्याजवळच्या बाळकुम-माजिवड्याची चार माणसं करायची. त्यांचा म्होरक्या मार्सेल. बाळकुमचा किरिस्ताव, साठीला टेकलेला, उंच आणि थोडा वाकलेला. डाव्या हाताचा अंगठा अर्धाच होता. कोणी विचारलं तर म्हणायचा, "लाकडानं दस्तुरी घेतली." गुडघे कायमचे सुजलेले, आणि ऐनाच्या सालीची धूळ छातीत बसून लागलेला खोकला असा की वखारीच्या फाटकापासून ऐकू यावा. हाताच्या कामाचे गोडवे गाणाऱ्यांनी तो खोकला ऐकलेला नसतो, म्हणून त्यांना गोडवे गाता येतात.

पण त्याचं काम बघायला मात्र मी पुस्तक मिटून जाऊन उभा राहायचो. सोटाभोवती तो आधी एक फेरी मारायचा. मग बुडख्यापासून शेंड्यापर्यंत कोयत्यानं एकच सरळ चीर द्यायचा, चिरेत लाकडी पाचर घालून हलकेच उचलायचा, आणि साल अखंड सुटून यायची. खालचं लाकूड ओलं, पिवळसर, कुठे ओरखडा नाही. सोललेली साल सोलणाऱ्याची, असा रिवाज होता. ऐनाची साल उकळून तिच्या काढ्यात जाळी बुडवली की ती खाऱ्या पाण्यात कुजत नाहीत, त्यामुळे बाळकुमच्या घरांत या सालीला मान होता. मार्सेलची बायको मॅग्डलीन अंगणातल्या मोठ्या हंड्यात ती उकळायची.

आता मुख्य गोष्ट. सोलता सोलता एखाद्या जागी हात अडला, साल नेहमीसारखी सुटली नाही, खालचं लाकूड बोटांना वेगळं लागलं, की मार्सेल थांबायचा. कोयत्याच्या पाठीनं ठोकायचा, कान लावायचा. झाडाची कधीकाळी फांदी मोडलेली असते, जखम वरून भरून येते आणि आत कुजत राहतं. तसं काही आहे याची खात्री पटली की त्या जागी चार बोटं रुंद सालीचं कडं तो तसंच ठेवायचा आणि बाकीचा सोट सोलून काढायचा. तोंडानं अवाक्षर नाही. "झाडानं जनमभर झाकून ठेवलंय, ते आपुन चारचौघांत कशाला उघडा पाडायचा?" असं त्यांच्यात वाडवडिलांपासून चालत आलं होतं. कडं दिसलं की मुनशीनं पुस्तकात त्या सोटाच्या आकड्यापुढे 'दोष' लिहायचं. असा सोट तुळईला नाही, डोलकाठीला नाही, तुकडे करून सरळ जळणात. कडं नसेल तर 'साफ'. वडिलांनी मला पुस्तक हातात देण्याआधी ते कडं दाखवलं होतं. म्हणाले होते, "तो हातानं सांगतो, आपण अक्षरानं सांगायचं. मध्ये तिसरं कोणी नाही."

आणि जे लाकूड एकदा साफ ठरलं, त्याला ही माणसं पुन्हा ठोकून बघत नसत. बघणं म्हणजे आधीच्याच्या हातावर संशय घेणं. तेवढं एक ती कधी करायची नाहीत.

दिवाळीनंतर मुंबईहून यंत्र आलं. तुकड्या-तुकड्यांनी मचव्यातून आलं आणि एका फिटरनं ते पंधरा दिवसांत उभं केलं. वाफेचं इंजिन, त्यावरून चामड्याचा पट्टा, दोन लोखंडी रूळ. रुळांवर सोट ठेवायचा, रूळ त्याला गरगरा फिरवायचे आणि वरून पोलादी पात्यांचं चाक सरकत जायचं. पहिल्या दिवशी आवाजानं वखारीतले बैल दावं तोडून पळाले. यंत्र होतंच तसं. मी खोटं कशाला बोलू, बघताना माझ्याही अंगावर काटा आला.

शेठ माणूस वाईट नव्हता. वखार घेऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती, राहायचे मुंबईला, इथले रिवाज त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. यंत्र महिनाभराच्या बोलीवर आलं होतं. ठेवायचं की परत करायचं हे त्यांचा मुंबईचा भागीदार ठरवणार होता, आणि त्याला तुलना हवी होती: दहा सोट हातानं, दहा यंत्रानं, आणि काय दिसलं ते मुनशीनं लिहून द्यायचं. यंत्र राहिलं तर मार्सेल आणि त्याचे तिघे घरी जाणार, हे उघड होतं. त्याच सुमाराला ठाण्याला शेठांची नवी वखार निघत होती. तिथे मुख्य मुनशी लागणार होता. शेठ मला एवढंच म्हणाले, "ठाण्याला नव्या जमान्याचा माणूस पाहिजे." मला कळायचं ते कळलं. त्या रात्री मी गोदूबाईला, म्हणजे आमच्या कुटुंबाला, ठाण्यात घर कुठे बघायचं ते सांगून मोकळा झालो.

तुलनेच्या आदल्या दिवशी मार्सेल माझ्याकडे आला. मला वाटलं, गयावया करेल. तो दाराशी उभा राहून म्हणाला, "मुनशी, खरा तोच लिवा. मशीन चांगली असंल तर तसा लिवा. माझ्या गुडघ्यांना पन बरा वाटंल."

"मग खाणार काय, मार्सेलबाबा?"

"लिनोनं जुनी होडी घेतलीय. डागडुजी चालू हाय. त्याच्यासंगती जाईन." लिनो त्याचा मुलगा, वखारीत कधी न आलेला, खाडीवर वाढलेला. "पन चाळीस वरसा झाली इथं. हात उगाच थांबला तर सुना वाटंल, बस."

यंत्रानं आपले दहा सोट जेवणाच्या सुट्टीआधी संपवले. हाताला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. शेठ आणि भागीदार सोललेल्या सोटांवरून हिंडत आले, मी मागे वही घेऊन. हातानं सोललेल्या सातव्या सोटापाशी भागीदार थांबला. सरळसोट साग, सबंध दहांत देखणा. बुडख्यापासून साधारण माणसाच्या छातीएवढ्या अंतरावर चार बोटं रुंद सालीचं कडं होतं.

भागीदारानं छडीच्या टोकानं ते टोचलं. "हे राहिलं वाटतं?"

शेठांनी माझ्याकडे पाहिलं. मार्सेल चार पावलांवर उभा होता, त्यानंही पाहिलं. त्याच्या नजरेत विनवणी नव्हती. हातातली वस्तू दुसऱ्याच्या हातात देऊन झाल्यावर माणूस जसा निवांत उभा राहतो तसा तो उभा होता. त्याच्या वाट्याचं काम झालं होतं, आता माझ्या वाट्याचं होतं. मला एकच शब्द बोलायचा होता. 'दोष' म्हटलं असतं तर भागीदारानं विचारलं असतं, कशावरून? मग सांगावं लागलं असतं की या माणसाच्या बोटांना जे कळतं ते यंत्राला कळत नाही. मग सगळी तुलनाच उलटली असती. ठाण्याची खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर स्पष्ट होती, तिचे हातसुद्धा दिसत होते.

"हो," मी म्हणालो, "तेवढं राहिलं."

फिटर हसला. यंत्रावरच्या मजुरांनी सोट उचलून रुळांवर ठेवला. डोळ्याचं पातं लवायच्या आत ते कडं गेलं, आणि त्याच्याबरोबर सबंध सोटाचं अर्ध्या बोटाएवढं लाकूडही गेलं. खाली उतरवला तेव्हा तो यंत्राच्या दहा सोटांसारखाच गोरा, गुळगुळीत दिसत होता. त्या रांगेत ठेवल्यावर कुठला कोण ते त्याला जन्म देणाऱ्या झाडालाही ओळखता आलं नसतं. ओळख राहिली ती बुडख्यावर ठोकलेल्या आकड्याची, तीनशे बारा. मार्सेलला आकडे वाचता येत नव्हते.

त्यानं आपली हत्यारं गोणपाटात गुंडाळली. "येतो, मुनशी," एवढंच म्हणाला आणि गेला. रागावला असेल असं मी धरून चाललो. रागावलेल्या माणसाशी बोलावं लागत नाही, ती एक सोय असते.

अहवाल लिहायला मला दोन दिवस लागले. त्यात मी यंत्राची भलावण केली असं नाही हं. हाताला लागलेला वेळ आणि यंत्राला लागलेला वेळ बरोबर लिहिला. यंत्र लाकूड खातं हे लिहिलं. हातानं काढलेली साल अखंड राहते आणि जाळीवाल्यांच्या उपयोगी पडते, यंत्राची साल चुरा होऊन इंजिनाखाली जळते, हेही लिहिलं. हाताच्या कामात माणसं लुळी होतात आणि खोकतात, तेही. सगळं खरं. फक्त शेवटी एक वाक्य होतं: हातकामात एक नग अपुरा राहिला, तो यंत्रानं पुरा करावा लागला. त्या एका खोट्याला बाकीच्या खऱ्यांनी खांदा दिला. भागीदारानं म्हणे नेमकं त्याच वाक्याखाली रेघ मारली. यंत्र राहिलं, आणि पुढे वीस वर्षं चाललं. वाईट नव्हतं ते. त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं, खोटं बोलायचा प्रश्न त्याच्यापुढे आला नाही. तो माझ्यापुढे आला.

अहवाल झाला, मग पुस्तक उघडलं. तीनशे बारापुढची जागा कोरी होती. टाक दौतीत बुडवून मी बराच वेळ बसलो. 'दोष' लिहिलं तर उद्या कोणी अहवाल आणि पुस्तक शेजारी शेजारी ठेवून वाचेल. दोन्ही अक्षरं माझीच. मी 'साफ' लिहिलं. मनाशी ठरवलं, हा सोट बाहेर जाऊच द्यायचा नाही, आठवड्याभरात तुकडे करून इंजिनाखाली घालू. मुकादम काळुरामला बोलावून सांगितलं, "तीनशे बारा मागच्या कुंपणाशी टाक." का, ते सांगितलं नाही. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

आठवडा गेला, दुसरा गेला. मार्सेल आणि त्याचे तिघे घरी बसले. मला ठाण्याला नव्या वखारीच्या जागेची मोजणी करायला पाठवलं, तिथे दहा दिवस गेले. खरं सांगू, त्या दहा दिवसांत मला तीनशे बाराची आठवणही झाली नाही. मंगळवारी दुपारी कल्याणला परतलो, वखारीत चक्कर मारली आणि मागच्या कुंपणाशी गेलो. जागा रिकामी होती. जमिनीवर नुसता लांब वळ उमटलेला.

काळुराम चिलीम भरत बसला होता. मी विचारलं.

"तो व्हय? मार्सेलनं नेला की. शेठ बोलले, चाळीस वर्षं राबलाय म्हातारा, जाताना हवा तो एक सोट घेऊन जाऊ दे. लिनोच्या होडीला डोलकाठी पाहिजे होती. सगळीकडं फिरला, हाच पसंत पडला. सरळ हाय ना."

"त्यानं ठोकून नाही बघितलं?"

"हात फिरवला. मंग मला इचारलं, पुस्तकात काय लिवलंय? मी फिटरकडून वाचून घेतलं. साफ. बोलला, मुनशीच्याच हातचं ना? मी म्हटलं, त्यांच्याच हातचं. मंग कशाला ठोकंल? खुशीत होता म्हातारा. जाताना माझ्याकडनं तंबाखू घेऊन गेला."

त्या क्षणी उठायला हवं होतं. स्टेशन पाव कोसावर, गाडी होती. पण दुसऱ्या दिवशी भागीदार चार पाहुण्यांना यंत्र दाखवायला आणणार होता आणि अहवाल मी वाचून दाखवायचा होता. मी स्वतःची समजूत घातली: काठी तासायची, तेल पाजायचं, बसवायची, दोर ओढायचे; आठ दिवस तरी जातील. एका दिवसानं काय होतंय? बुधवारी मी अहवाल वाचला. पाहुण्यांनी माना डोलावल्या. शेठांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं.

गुरुवारी पहिल्या गाडीनं ठाण्याला उतरलो आणि बाळकुमची वाट धरली. माजिवड्याच्या शिवेवर दगडू भेटला. हा मार्सेलबरोबर सोलणाऱ्या तिघांतला एक. धुतलेली बंडी घालून, डोक्याला स्वच्छ फडकं बांधून तो त्याच वाटेनं निघाला होता. मला पाहून थांबला.

"तुम्हाला एवढ्यात कळलं पन?" तो म्हणाला.

"काय कळलं?"

मग त्यानं सांगितलं. काठी बसवून आधीच तयार होती. बुधवारी दुपारी बाप-लेक पहिल्यांदा होडी घेऊन कशेळीच्या अंगानं गेले. वारा बरा होता. एकदम झोत आला आणि काठी मोडून मार्सेलच्या मानेवर आली. बोलायलाही सवड मिळाली नाही. लिनोचा हात मोडला. होडी कलंडायला लागली तेव्हा काठच्या लोकांनी धावत जाऊन दोर कापले, उरलेला बुडखाही उपटून फेकला. शीड, काठी, बुडखा, सगळं ओहोटीबरोबर वसईकडे वाहून गेलं.

"कुठं मोडली?" मी विचारलं.

"लिनो बोलला, छातीच्या उंचीवर." दगडूनं पायानं वाटेतला खडा बाजूला सारला. "लोकं त्यालाच बोल लावतात. काठी नवी, सागाची, कल्याणच्या वखारीची. पुस्तकात साफ लिवलेली, मार्सेल सगळ्यांना सांगत होता. ती कशी मोडंल? पोरानं शीड ताणून धरलं, वारा सोडला नाय. नवा होडीवाला, चुकला असंल."

दगडूनं ते कडं पाहिलं होतं. माझ्याच समोर उभा राहून पाहिलं होतं. पण ते कड्याचं लाकूड आणि ही काठी एकच, हे त्याला ठाऊक नव्हतं. जगात ते फक्त मला ठाऊक होतं. काठी वाहून गेली होती, आकडा वाहून गेला होता, आणि मार्सेलला आता पुरायचं होतं.

दफन वाटेवरच्या चर्चच्या आवारात होतं. तिथे मी मागे, झाडाखाली उभा राहिलो. पाद्री बोलत होते, बायका रडत होत्या, आणि मी मनात गाडीची वेळ आठवत होतो. लाज वाटते सांगायला, पण हे असंच घडलं. मी कोणाच्या लक्षात येऊ नये अशा बेतानं दोन पावलं मागे सरकलोही. मग मला लिनो दिसला. मोडलेला हात फळीला बांधलेला, कालचेच कपडे, गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल. सगळे कबरीभोवती होते आणि तो एकटा लांब, भिंतीपाशी होता. माती टाकायला एकेक जण पुढे झाला. तो आला नाही. त्याला कोणी बोलावलंही नाही.

मी मार्सेलच्या घरच्यांच्या मागोमाग बाळकुमला गेलो.

घर खाडीकडच्या टोकाला होतं. अंगणात तो मोठा हंडा पालथा घातलेला, आणि वळचणीखाली ऐनाच्या सालीची चळत, मार्सेलच्या हातची, एकेक पान अखंड. मॅग्डलीन ओट्यावर बसली होती. आत बायकांची कुजबुज चालू होती. मला पाहून तिनं पदर सावरला आणि समोरचा पाट हातानं पुढे केला.

"बसा मुनशी. कल्याणवरून आयलात. त्याला बरा वाटला असता."

मी बसलो. तिनंच बोलायला सुरुवात केली.

"त्या दिसाला घरी आयला ना, तवा बोलला, कडं ठेवलेला लाकूड मशीनवर घातला. मी बोलले, मंग मुनशी काय बोलला? तर हसला. बोलला, मुनशी शेठच्या तोंडावर काय बोलंल? त्याला पन पोरंबाळं हायेत. पन पुस्तकात बरोबर लिवील. त्याचा बापूस पन असाच व्हता, तोंडानं मुका, हातानं खरा." तिनं सालीचा एक तुकडा उचलून मांडीवर ठेवला. "मना राग आयला व्हता तुमचा. त्याला नाय आयला."

इतके दिवस मी धरून चाललो होतो की तो माझ्यावर रागावला आहे. रागावला असता तर काठी ठोकून बघितली असती. तो जगला असता.

मॅग्डलीननं माझ्याकडे नीट पाहिलं. डोळे रडून लाल झालेले, पण नजर सरळ.

"लिवला व्हता ना तुमी?"

तिच्या मनात काही संशय नव्हता. नवरा गेला होता, त्याचा हा एक शब्द तरी खरा ठरावा, एवढंच तिला हवं होतं. 'हो' म्हणणं अगदी सोपं होतं. मला त्याचा सराव होता, आणि खरं-खोटं पडताळून बघणारं आता कोणी उरलं नव्हतं. मी त्या सालीच्या चळतीकडे पाहत राहिलो.

"नाही," मी म्हणालो. "साफ लिहिलं. काठी झाली ती त्याच सोटाची."

मांडीवरच्या सालीचा एक धागा तिनं सोडवला, मग दुसरा, मग तिसरा. आतून कोणाचं तरी बाळ रडलं आणि गप्प झालं. मी वाट पाहत होतो की ती ओरडेल, शिव्या देईल, गाव गोळा करेल. तसं झालं असतं तर मला सोसायला बरं गेलं असतं.

"माझ्याजवल सांगून काय उपेग?" ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी खाली गेला होता. तिनं दाराकडे बोट केलं. "तो आत बसलाय. कालपासून पानी पन पिला नाय. बोलतो, माझ्या हातानं बापूस मारला."

आमच्या घरचं कोणी तोवर किरिस्तावाच्या उंबऱ्याआत गेलेलं नव्हतं. दारात पाऊल टाकण्याआधी मी थांबलो, पण ते त्यामुळे नाही. आत कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, लिनो मोडका हात मांडीवर घेऊन बसला होता, आणि दुसऱ्या हाताच्या पंजाकडे एकटक बघत होता. शीड धरलेला हात तोच असावा.

मी वहाणा काढल्या आणि आत गेलो.